काळ्या वकिलांची शाळा

आपल्या पोरांत एक वाद कायम चालतो. एक म्हणतो, कोर्टकचेरीत काय ठेवलंय, रस्त्यावर उतरा. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी घटना दिली, आता कायद्यानंच चाला. दोघंही पोटभर बोलून घेतात, चहा होतो, बैठक सुटते. अर्ज कुणी लिहायचा ते मात्र ठरत नाही. शेवटी ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात ते काम पडतं. तो बिचारा 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' पासून सुरू करतो आणि 'तरी न्याय मिळावा ही नम्र विनंती' वर थांबतो. मधे काय घडलं, किती वाजता घडलं, कुणी बघितलं, कुठलं कलम मोडलं ह्याचा पत्ता नसतो. अर्ज फायलीत जातो आणि फाईल कपाटात.

म्हणून ह्या अंकात कविता बाजूला ठेवून एक इतिहास सांगतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी वॉशिंग्टन शहरात एक कायद्याची शाळा चालवली. तिचं नाव हॉवर्ड. पँथर म्हटलं की आपल्याला १९७२ ची मुंबई आठवते, आणि तिच्याआधी १९६६ ला ऑकलंडमध्ये निघालेली ब्लॅक पँथर पार्टी. ती काळी पोरं पोलिसांच्या गाडीमागं बंदुका घेऊन हिंडत, एवढं आपल्याला ठाऊक असतं. त्यांच्या हातात कायद्याचं पुस्तकही असायचं आणि पोलिसासमोर ते त्यातलं कलम वाचून दाखवत, हे कुणी सांगत नाही. कायदा वाचणाऱ्या काळ्या माणसाची ही परंपरा त्यांच्याही आधीची आहे. हॉवर्ड हे तिचं मोठं ठाणं.

१८६५ ला अमेरिकेतली गुलामी कायद्यानं संपली. १८६७ ला वॉशिंग्टनमध्ये हॉवर्ड विद्यापीठ निघालं. सुटलेल्या गुलामांसाठी सरकारनं काढलेल्या खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड, त्याचं नाव दिलं. (गोऱ्या श्रीमंतांचं हार्वर्ड ते वेगळं. नावाला फसू नका.) १८६९ ला तिथं कायद्याचे वर्ग सुरू झाले. पहिला प्रमुख जॉन मर्सर लँग्स्टन, हा गुलामीतून सुटलेल्या आईचा मुलगा. वर्ग संध्याकाळी भरायचे. पोरं दिवसभर सरकारी खात्यात कारकुनी, शिपाईगिरी करायची आणि रात्री कायदा शिकायची. १८७२ ला ह्याच वर्गातून शार्लट रे नावाची बाई पास झाली. अमेरिकेतली ती पहिली काळी स्त्री वकील.

कागदावर सगळं झकास होतं. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं प्रत्येकाला कायद्याचं समान संरक्षण देऊन टाकलं होतं. पण १८९६ ला प्लेसी नावाच्या माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की, काळ्यांचा डबा वेगळा ठेवला तरी समानता मोडत नाही, सोयी सारख्या असल्या म्हंजे झालं. एका निकालानं डबा वेगळा, शाळा वेगळी, नळ वेगळा, सगळं कायदेशीर झालं. आपल्याकडं मनूनं जे केलं ते तिथं कोर्टानं केलं. आणि कोर्टानं केलेलं मोडायचं तर कोर्टातच, कोर्टाच्या भाषेत, लिहून मोडावं लागतं. ते लिहिणार कोण? गोऱ्या वकिलांची मोठी संघटना काळ्यांना घेत नव्हती. १९२५ ला काळ्या वकिलांनी आपली वेगळी संघटना काढली, पण दक्षिणेतल्या कित्येक जिल्ह्यांत काळा वकील औषधालाही सापडत नव्हता.

१९२६ ला मॉर्डेकाय जॉन्सन हा हॉवर्ड विद्यापीठाचा पहिला काळा अध्यक्ष झाला. असं सांगतात की, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ब्रँडाइस ह्यांनी त्याला तोंडावर सुनावलं : कागद वाचला की मला बहुतेक वेळा कळतं की हा काळ्या वकिलानं लिहिलाय, तुमची शाळा सुधारा, पूर्ण वेळचे शिक्षक नेमा. ऐकायला हे झोंबणारं आहे. पण बोलणारा माणूस कोण ते बघा. ब्रँडाइस स्वतः ज्यू, आणि न्यायाधीश होण्याआधी कामगारांच्या बाजूनं लढलेला वकील.

१९०८ ला ऑरेगन राज्याचा एक खटला सुप्रीम कोर्टात होता. धुलाईखान्यात काम करणाऱ्या बायकांना दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही असा कायदा झालेला, आणि मालक म्हणत होता, हा माझ्या धंद्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. ब्रँडाइसनं कायद्याच्या बाजूनं शंभराहून जास्त पानांचा कागद लिहिला. त्यात कायद्याचा युक्तिवाद दोन-तीन पानांचा. बाकी सगळी पानं कामाचे तास, थकवा, आजारपण, डॉक्टरांचे आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल ह्यांनी भरलेली. हा माल गोळा केला जोसेफिन गोल्डमार्क नावाच्या बाईनं आणि तिच्या सोबतिणींनी. खटला जिंकला. तेव्हापासून असल्या कागदाला 'ब्रँडाइस ब्रीफ' म्हणतात. तिथं सुप्रीम कोर्टात तोंडी बोलायला वेळ मोजून मिळतो. न्यायाधीश आधी कागद वाचून बसलेले असतात, त्यामुळं अर्धी लढाई वकील उभा राहायच्या आतच झालेली असते. त्या कागदाला ब्रीफ म्हणतात.

जॉन्सननं बोलणं मनावर घेतलं आणि १९२९ ला कायद्याची शाळा चार्ल्स हॅमिल्टन हॉस्टनच्या हातात दिली. हॉस्टन १८९५ चा, म्हंजे बाबासाहेबांपेक्षा चार वर्षांनी धाकटा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला अधिकारी म्हणून गेला. तिथं शत्रूपेक्षा आपल्याच सैन्यातल्या गोऱ्यांनी काळ्या अधिकाऱ्यांची जी अवहेलना केली ती बघून त्यानं ठरवलं की, परत गेल्यावर कायदा शिकायचा आणि ज्यांना उलटून मारता येत नाही त्यांच्यासाठी लढायचं. हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर गेलेला तो पहिला काळा विद्यार्थी. १९२३ ला तो हार्वर्डचा कायद्याचा डॉक्टर झाला. त्याच साली बाबासाहेबांना लंडनची डी.एस्सी. मिळाली. आणि हॉस्टन वॉशिंग्टनला शाळा घडवत होता त्याच्या आगेमागे बाबासाहेब मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवत होते : १९२८ ला प्राध्यापक, १९३५ ते १९३८ प्रिन्सिपॉल. दोन खंडांत दोन माणसं, दोघांनाही कळलेलं की आपल्या माणसांना कायदा नुसता ऐकून चालणार नाही, तो हातात यायला पाहिजे.

हॉस्टन पोरांना सांगायचा की, वकील एकतर समाजाचा इंजिनियर असतो, नाहीतर समाजावरचं बांडगूळ. मधली जागा नाही. पहिल्याच दिवशी तो वर्गाला म्हणायचा, डावीकडं बघा, उजवीकडं बघा, पुढच्या वर्षी ह्यातले बरेच इथं नसतील. डॉक्टरची चूक मातीत पुरली जाते, वकिलाची चूक सगळ्यांसमोर राहते, हेही त्याचंच. पोरांनी त्याला लोखंडी चपलांचा म्हणून नावं ठेवली.

आता तो शिकवायचा काय ते नीट सांगतो, कारण आपल्या कामाचं ते आहे.

अमेरिकेतल्या कायदाशाळेत पोरगा निकाल वाचायला शिकतो. एकेक निकाल घ्यायचा आणि त्याचा गोषवारा आपल्या हातानं लिहायचा. कोण विरुद्ध कोण. घडलं काय. कोर्टापुढं नेमका प्रश्न कुठला होता. कोर्टानं काय ठरवलं. कशाच्या आधारावर ठरवलं. निकाल शंभर पानांचा असला तरी त्यातलं पुढच्या कोर्टांना बांधणारं वाक्य एखादंच असतं. बाकीचं न्यायाधीश ओघात बोलून गेलेला असतो. ते वाक्य शोधून काढणं ही पहिली विद्या. आपल्याविरुद्धचा निकाल समोर आला तर त्यातली परिस्थिती आणि आपली परिस्थिती कुठं वेगळी आहे ते दाखवणं ही दुसरी. जो निकाल आपण आधाराला घेतोय तो नंतर कुठल्या कोर्टानं मोडला तर नाही ना, हे तपासणं ही तिसरी. त्यासाठी तिकडं मोठमोठी सूचीची पुस्तकं असत, त्यात प्रत्येक निकालाची पुढची वाटचाल नोंदलेली. मोडलेला दाखला घेऊन कोर्टात गेलं की समोरचा वकील हसतो आणि आपला पक्षकार बुडतो.

हे सगळं हार्वर्डातही होतं. हॉस्टननं त्यात आपलं घातलं. त्यानं पोरांना तुरुंगात, पोलीस ठाण्यात, कोर्टात नेलं. कायदा पुस्तकात कसा दिसतो आणि गरिबावर कसा चालतो, दोन्ही बघा म्हणाला. विल्यम हेस्टीसारखे शिक्षक त्यानं जोडले. शाळेत मूट कोर्ट, म्हंजे लुटूपुटूचं कोर्ट, कसून चालायचं. पुढं काळ्यांचे मोठे खटले सुप्रीम कोर्टात जायच्या आधी खरे वकील हॉवर्डला येऊन आपला युक्तिवाद पोरांपुढं आणि शिक्षकांपुढं करून बघत. समोरच्यांनी फाडून काढलं की परत लिहीत. १९३८ ला जेम्स नॅब्रिट ह्या शिक्षकानं नागरी हक्कांच्या कायद्याचा वेगळा विषय सुरू केला. अमेरिकेतल्या कुठल्याच कायदाशाळेत तोपर्यंत तो नव्हता.

आणि एक कडू गोष्टही त्यानं केली. रात्रीची शाळा बंद केली. पूर्ण वेळ, दिवसाची शाळा केली, ग्रंथालय वाढवलं, आणि १९३१ ला वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळवली. हॉस्टनचा स्वतःचा बाप दिवसा कारकुनी करून ह्याच रात्रीच्या वर्गांतून वकील झालेला. जुने विद्यार्थी चिडले. कामावर जाणाऱ्या पोरानं काय करायचं, हा त्यांचा सवाल. पाळी संपवून पुस्तक उघडणारा मी, त्यामुळं मला तो सवाल हॉस्टनपेक्षा जवळचा वाटतो. कच्चा वकील शंभर करण्यापेक्षा पक्के दहा करावेत हे त्याचं गणित होतं आणि निकाल बघता ते चुकलं असं म्हणता येत नाही. पण दार बंद झालेल्यांची नावं इतिहासात येत नाहीत, एवढं आपण ध्यानात ठेवावं. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. १९५६ ला सिद्धार्थ लॉ कॉलेज निघालं. पक्कं शिक्षण आणि कामकऱ्याला उघडं दार, दोन्ही एकत्र मागायला हरकत नाही.

हॉस्टनच्या हाताखाली १९३३ ला थर्गुड मार्शल पहिल्या नंबरानं पास झाला. बाल्टिमोरचा पोरगा. त्याच्या गावातच मेरीलँड विद्यापीठाची कायदाशाळा होती, पण काळ्यांना तिथं वाव नव्हता. रोज रेल्वेनं वॉशिंग्टनला जायचा-यायचा. फीसाठी आईनं आपल्या लग्नाच्या अंगठ्या मोडल्या. पास झाल्यावर दोन वर्षांत गुरु-चेला दोघं मिळून त्याच मेरीलँडच्या शाळेविरुद्ध कोर्टात उभे राहिले. डोनाल्ड मरे नावाच्या काळ्या पदवीधराला तिथं प्रवेश नाकारला होता. राज्यात काळ्यांसाठी दुसरी कायदाशाळा नाही, मग वेगळी पण समान ती कुठं आहे दाखवा, एवढाच त्यांचा मुद्दा. १९३५ ला जिंकले, १९३६ ला वरच्या कोर्टातही टिकले.

लढाई कायदाशाळेपासूनच का सुरू केली? कारण साधं आहे. न्यायाधीश मंडळी स्वतः कायदाशाळेत शिकलेली. खेड्यातली काळी शाळा त्यांनी पाहिलेली नसते, पण कायद्याचं ग्रंथालय म्हंजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. १९३८ ला मिसूरी राज्याचा लॉइड गेन्सचा खटला हॉस्टननं सुप्रीम कोर्टात लढवला. राज्य म्हणत होतं, परराज्यात जाऊन शिक, फीचे पैसे आम्ही देतो. कोर्टानं सांगितलं, गोऱ्याला राज्यात शिकवता तर काळ्यालाही राज्यातच शिकवलं पाहिजे. निकाल लागला, पण १९३९ ला गेन्स शिकागोत बेपत्ता झाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. लढाईत जाणाऱ्या माणसाची किंमत निकालाच्या पुस्तकात छापत नाहीत.

मग टेक्ससचा हेमन स्वेट. हा पोस्टमन. १९४६ ला त्यानं टेक्सस विद्यापीठाच्या कायदाशाळेत अर्ज केला. त्याला आत घ्यायला लागू नये म्हणून राज्यानं घाईनं काळ्यांची कायदाशाळा उभी केली. सुरुवातीला ऑस्टिनमध्ये तळघरातल्या काही खोल्या. स्वेट तिथं गेला नाही. मार्शल आणि मंडळींनी दोन्ही शाळा मोजून कोर्टापुढं मांडल्या, आणि १९५० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं तो हिशेबच लिहून टाकला. गोऱ्यांच्या शाळेत १६ पूर्ण वेळ आणि ३ अर्धवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० हून जास्त पुस्तकं. काळ्यांसाठी पुढं वाढवलेल्या शाळेत ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० पुस्तकं. आणि कोर्ट पुढं म्हणालं की, शाळेचं नाव, तिथले शिक्षक, तिथून बाहेर पडलेली माणसं, ह्या गोष्टी मोजता येत नाहीत पण त्यातच शाळेचं मोठेपण असतं. ही मोजता न येणारी विषमता कोर्टाच्या तोंडून वदवून घेतली, आणि प्लेसीच्या निकालाला मोठी भेग पडली. हा निकाल जूनमध्ये आला. हॉस्टन एप्रिलमध्येच वारला होता, वय ५४.

ह्या माणसाला संशोधन म्हंजे नुसतं ग्रंथालय वाटत नव्हतं. १९३० नंतरच्या वर्षांत तो दक्षिणेत आपल्या गाडीनं हिंडायचा, सोबत टाइपरायटर. साउथ कॅरोलिनातल्या काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळांचं त्यानं फिल्मवर चित्रण केलं : इकडं विटांची इमारत, तिकडं मोडकं लाकडी खोपटं. समानता कुठं आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बायकांच्या थकव्याची पानं जोडणाऱ्या ब्रँडाइसच्या वळणावरचंच हे काम, कॅमेऱ्यानं केलेलं.

आता पॉली मरे. ह्या बाईचं नाव प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. जन्म १९१०. १९३८ ला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठानं ती काळी म्हणून नाकारली. १९४१ ला हॉवर्डच्या कायदाशाळेत आली तर वर्गात ती एकटी बाई. पहिल्याच दिवशी एका शिक्षकानं टिंगल केली की, बायका कायद्याच्या शाळेत कशाला येतात कळत नाही. काळ्यांना छळणाऱ्या वर्णभेदी कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' म्हणायचे. बायकांवरच्या ह्या जुलमाला तिनं 'जेन क्रो' नाव दिलं. आपल्या बैठकीत ठराव कोण लिहितं आणि चहा कोण करतं, हे जरा आठवा.

शेवटच्या वर्षी, १९४४ ला, तिला एक निबंध लिहायचा होता. त्या वेळी सगळे मोठे वकील म्हणत होते की, प्लेसीला हात लावू नका, फक्त 'समान' वर भांडा : वेगळं ठेवता ना, मग समान करून दाखवा. मरेनं निबंधात मांडलं की 'वेगळं' हेच मुळात घटनेविरुद्ध आहे, थेट तिथंच घाव घाला. वेगळं ठेवण्यानं माणसाच्या मनाला जी इजा होते ती समोर आणा. वर्गातली पोरं हसली. स्पॉट्सवुड रॉबिन्सन ह्या शिक्षकाशी तिनं दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांत प्लेसी मोडेल. ती शाळेतून पहिली आली. पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला अर्ज केला तर त्यांनी बाई म्हणून नाकारली. आणि १९५३ ला मार्शलची टोळी शाळांच्या खटल्याची तयारी करत होती तेव्हा त्याच रॉबिन्सननं तिचा जुना निबंध काढला आणि सगळ्यांना वाचायला दिला. तिला हे कळलं ते दहा वर्षांनी. मधल्या काळात, १९५१ ला, तिनं अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यातले वर्णाविषयीचे सगळे कायदे एका जाड पुस्तकात गोळा केले. मार्शल त्या पुस्तकाला खटलेवाल्यांचं बायबल म्हणायचा.

शाळांचा खटला म्हंजे ब्राऊन. पाच ठिकाणचे पाच खटले एकत्र केलेले. त्यातला व्हर्जिनियाचा खटला वकिलांनी सुरू केलेला नाही. १९५१ ला फार्मव्हिल गावात बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीनं आपल्या शाळेत संप घडवून आणला. इमारतीत जागा पुरत नव्हती, म्हणून पोरांना टारपेपर मारलेल्या खोपटांत बसवत होते. संप केला आणि लगेच वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि रॉबिन्सन, दोघंही हॉवर्डचे, आले. आता सांगा, हा रस्ता की कोर्ट? पोरीनं दोन्ही केलं आणि दोन दिवसांत केलं. १७ मे १९५४ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की शाळेत वेगळं ठेवणं हीच विषमता. मरे पैज जिंकली, दहा वर्षांत.

पुढचं लपवत नाही. १९५५ ला कोर्टानं अंमलबजावणीला मोघम मुदत दिली आणि गोऱ्यांनी त्या मोघमपणाचा फायदा घेतला. फार्मव्हिलच्याच जिल्ह्यानं १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या; गोऱ्यांची पोरं खाजगी शाळांत गेली, काळी पोरं घरी बसली. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं कॉलेजप्रवेशात वंश विचारात घेणंही थांबवलं, आणि आधार तोच चौदाव्या दुरुस्तीचा. कायदा एकदा जिंकून घरी आणून ठेवायची वस्तू नाही. दुसरा शिकलेला माणूस तेच कलम उलटं वाचतो.

संशोधनाची ताकद काय असते ह्याचा आणखी एक दाखला त्याच शहरातला. वॉशिंग्टनमध्ये काळ्यांना खानावळीत वाढलंच पाहिजे असे कायदे १८७२ आणि १८७३ ला झाले होते. पुढं १९०१ ला नवी संहिता छापली तेव्हा ते त्यातून गळाले. रद्द कुणी केले नव्हते. गोऱ्यांना विसरायचे होते, काळ्यांना ठाऊक नव्हते. पन्नास वर्षं माणसं उपाशी परत जात होती आणि कायदा जुन्या पुस्तकात पडून होता. लोकांनी तो शोधला. नव्वदीला टेकलेली मेरी चर्च टेरेल नावाची म्हातारी खानावळींपुढं काठी टेकत उभी राहिली, खटला चालला, आणि १९५३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते कायदे जिवंत आहेत.

हे वाचताना मला महाड दिसलं. १९२३ ला बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि दोन्ही कागदावरच पडून होते. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ते कागद माणसांच्या पायांनी तळ्यावर नेले. ही गोष्ट आपण दरसाल सांगतो. तिच्या पुढची दहा वर्षं सांगत नाही. डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला की, अस्पृश्यांना दूर ठेवायची रूढी अनादी काळापासून आहे. तो दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याच्या कोर्टात, तिथून हायकोर्टात गेला आणि १९३७ ला सवर्ण शेवटचं हरले. का हरले? माणुसकीच्या मुद्द्यावर नव्हे. अनादी काळापासूनची रूढी त्यांना पुराव्यानं शाबीत करता आली नाही म्हणून. हजारो वर्षांच्या रूढीला बाबासाहेबांच्या बाजूनं विचारलं, कागद दाखव. तिच्याकडं कागद नव्हता.

आणि दोन्ही लढे एकमेकांना अनोळखी नव्हते. १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डु बॉइस ह्यांना पत्र लिहिलं. काळ्यांच्या संघटनेनं युनोकडं अर्ज केल्याचं कळलं, त्याच्या प्रती पाठवाव्यात, अशी मागणी. डु बॉइस ह्यांनी उत्तरासोबत प्रत पाठवली. एका पिडलेल्या समाजाचा पुढारी दुसऱ्या समाजाच्या पुढाऱ्याकडं काय मागतो? अर्जाचा नमुना. त्यांनी तो कसा लिहिलाय ते बघायचं होतं.

आता आपल्यावर येतो. गिरणीत कामगाराला चार्जशीट मिळते. घाबरून तो 'चूक झाली, माफ करा' लिहून देतो, आणि चौकशीत तोच कागद कबुली म्हणून वाचला जातो. मी असे कागद बघितलेत. गावात आणखी वाईट. अॅट्रॉसिटीचा गुन्हा फिर्यादीच्या पहिल्या पानावरच मरतो. जातीवरून शिवी दिली तर ती नेमक्या शब्दांत लिहिली पाहिजे. 'अर्वाच्य शिवीगाळ केली' एवढ्यानं भागत नाही. अपमानाच्या कलमाला लोकांच्या नजरेसमोरची जागा लागते. ती जागा कुठली, कोण हजर होतं, लिहिलं पाहिजे. फिर्यादीला उशीर झाला तर कारण तिथंच लिहिलं पाहिजे. तपास डीवायएसपी दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्यानं केला म्हणून खटले पडलेत. ते पहिल्याच आठवड्यात बघितलं पाहिजे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळणं हा हक्क आहे, ती मागितली पाहिजे. २००६ ला खैरलांजीत काय झालं ते अख्ख्या देशाला दिसलं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. सगळ्या गावाला दिसलेली जात कोर्टाच्या कागदावर आली नाही.

रस्त्याला मी कमी लेखत नाही. २० मार्च २०१८ ला, म्हंजे महाडच्याच तारखेला, सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटीचा कायदा पातळ केला. २ एप्रिलला देशभर माणसं रस्त्यावर आली, काहींचे जीव गेले. त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि २०२० ला ती दुरुस्ती कोर्टात टिकली. रस्त्यानं संसद हलवली, पण कोर्टात दुरुस्ती टिकवायला लिहिणारे लागलेच.

म्हणून माझी सूचना आहे. हॉवर्ड आपल्याला काढता येणार नाही, पण त्यातली एक खोली काढता येईल. विहारात, समाजमंदिरात, आठवड्यातून एक रात्र, दोन्ही पाळ्यांतल्यांना जमेल अशी. आपल्या तालुक्यातल्या सुटलेल्या खटल्यांचे निकाल मिळवायचे. दर रात्री एक वाचायचा आणि प्रत्येकानं आपल्या हातानं गोषवारा लिहायचा : घडलं काय, प्रश्न काय, ठरलं काय, का ठरलं, आपण कुठं पडलो. मग तीच फिर्याद नीट कशी लिहिली असती ते लिहायचं आणि एकानं आरोपीचा वकील होऊन ती फाडायची. बायापोरी पुढच्या रांगेत बसतील. एखादा आपला वकील महिन्यातून एकदा येऊन चुका काढेल. ज्याला लिहिता येत नाही तो तोंडी सांगेल, दुसरा उतरवेल. घडलेलं तर त्यालाच जास्त ठाऊक असतं.

पहिला निकाल खैरलांजीचा घ्यावा. कुणाकुणाला यायचंय त्यांनी नावं कळवावीत, जागेचं मी बघतो.

जयभीम.